उन्हाचं रॉकेल

माद्रिदच्या नैर्ऋत्येला मोस्तोलेस नावाचं शहर आहे. तिथल्या इम्डेआ एनर्जी या संशोधन संस्थेच्या आवारात १६९ आरसे ओळीने उभे केलेले आहेत. एकेक आरसा साधारण तीन चौरस मीटरचा. त्यांच्यासमोर १५ मीटर उंचीचा एक मनोरा. आकाश निरभ्र असलं की हे सगळे आरसे आपापल्या वाट्याचं ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर एकाच ठिकाणी टाकतात. तिथे क्वार्ट्झची खिडकी आहे आणि तिच्यामागे रिॲक्टरचं गोल तोंड, जेमतेम १६ सेंटिमीटर व्यासाचं. त्या तोंडातून ५० किलोवॅट ऊर्जा आत शिरते. भागाकार करून पाहिला तर दर चौरस मीटरला सुमारे अडीच हजार किलोवॅट होतात, म्हणजे भर दुपारच्या कडक उन्हाच्या अडीच हजार पट.

आत फिकट पिवळ्या रंगाच्या, जाळीदार सिरॅमिकच्या विटा पोकळीभोवती रचलेल्या असतात. त्यांच्यावर आधी हे ऊन पडतं, मग त्यांच्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. विटांतून बाहेर पडणारा वायू मनोऱ्याच्या पायथ्याशी बसवलेल्या यंत्रात जातो आणि तिथून द्रव इंधन निघतं. जून २०१९ मध्ये या प्रकल्पाने सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून बनलेलं रॉकेल जगासमोर ठेवलं. प्रकल्पाचं नाव सन-टू-लिक्विड. युरोपीय संघाचा आणि स्वित्झर्लंडचा पैसा, जर्मनी-स्वित्झर्लंड-स्पेन-नेदरलँड्सच्या संस्थांचं काम, आणि रिॲक्टरची कल्पना झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या प्राध्यापक आल्डो स्टाइनफेल्ड यांच्या गटाची.

रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला रॉकेल म्हटलं की स्टोव्ह आठवतो. पण विमानाच्या टाकीत असतं तेही रॉकेलच, जास्त शुद्ध केलेलं. एक किलो रॉकेलमध्ये साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा मावते. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीच्या एक किलोत पाव किलोवॅट-तासाच्या आसपास. मोटारीला, रिक्षाला, बसला हा फरक सोसतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाला तो सोसत नाही. म्हणून विमानांपुरता तरी प्रश्न ‘इंधनाऐवजी काय’ असा नसून ‘हेच इंधन जमिनीतून न उपसता कुठून आणायचं’ असा आहे.

त्यासाठी आता कायदेही झाले आहेत. युरोपीय संघाच्या विमानतळांवर २०२५ पासून २ टक्के शाश्वत इंधन मिसळणं बंधनकारक आहे. हे प्रमाण २०३० मध्ये ६ आणि २०५० मध्ये ७० टक्क्यांवर न्यायचं आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ आणि २०२८ मध्ये २ टक्के असं उद्दिष्ट ठेवलं आहे. यातलं आजचं बरंचसं इंधन वापरलेलं खाद्यतेल, चरबी किंवा पिकं यांतून येतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने अल्कोहोलपासून केलेलं इंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली विमान उडालं, ते याच वाटेवरचं पाऊल होतं. पण तळणाचं उरलेलं तेल किती मिळणार, आणि उसाला पाणी किती पाजणार? मोस्तोलेसच्या मनोऱ्याबद्दल मला आस्था वाटते ती इथे. त्याला शेत लागत नाही. ऊन, पाणी आणि हवेतला किंवा धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड एवढ्या भांडवलावर तो उभा आहे.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून गेलेल्या इंधनाची राख. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. या दोन्हींना पुन्हा इंधन बनवायचं तर त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून काढावा लागतो, आणि जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली त्याहून जास्त परत द्यावी लागते. नुसत्या उष्णतेने हे एका दमात करायला गेलं तर दोन हजार अंशांच्या वरची धग लागते, आणि तिथे सुटलेला ऑक्सिजन व इंधनवायू एकत्रच राहतात. थंड होताना ते पुन्हा पेटतात. म्हणून हे काम दोन पायऱ्यांत विभागायचं, आणि मध्ये ऑक्सिजनची ने-आण करणारा एक घन पदार्थ ठेवायचा, ही कल्पना १९७०च्या दशकात पुढे आली. जपानच्या नाकामुरा यांनी १९७७ मध्ये लोहाच्या ऑक्साइडचं असं चक्र मांडलं. कागदावर ते सुरेख होतं. पण ज्या तापमानाला लोहाचं ऑक्साइड ऑक्सिजन सोडतं तिथे ते वितळायला लागतं, कण एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग नाहीसा होतो आणि काही फेऱ्यांनंतर पदार्थ कामाचा उरत नाही. ग्रीस आणि जर्मनीतल्या संशोधकांनी हायड्रोसोल प्रकल्पात सिलिकॉन कार्बाइडच्या समांतर नळ्यांच्या ठोकळ्यांवर फेराइटचा, म्हणजे लोहाच्या मिश्र ऑक्साइडचा, लेप देऊन यावर मात करायचा प्रयत्न केला. त्यातून सूर्याच्या उष्णतेवर हायड्रोजन निघाला, स्पेनमधल्या अल्मेरियात १०० किलोवॅटचं संयंत्रही चाललं. तरी लेप टिकवणं ही लढाईच राहिली.

सिरियम हा धातू या कथेत आला फ्रान्समधून. पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावात आरशांची प्रचंड सौर भट्टी आहे. तिथल्या प्रयोगशाळेतल्या आबानाद आणि फ्लामां यांनी २००६ मध्ये सिरियम ऑक्साइडचं चक्र दाखवलं. त्यांनी ते दोन हजार अंशांपर्यंत तापवून पूर्ण रूपांतरित केलं. त्या तापमानाला थोडा पदार्थ वाफ होऊन उडून जातो. खरी कलाटणी मिळाली ती हव्यास कमी केल्यावर. अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये इंधन घटांवर काम करणाऱ्या, मूळच्या इथिओपियाच्या प्राध्यापक सोसिना हायली आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम च्युए यांनी दाखवलं की सिरियम ऑक्साइडमधला सगळा ऑक्सिजन काढायची गरजच नाही. दीड हजार अंशांच्या आसपास थोडासाच काढा. पदार्थ घनच राहतो, स्फटिकाची चौकट तशीच राहते, फक्त तिच्यात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या पडतात. त्या रिकाम्या जागाच पुढच्या पायरीत वाफेतून किंवा कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन खेचून घेतात. झुरिक आणि कॅलटेक यांचा हा संयुक्त प्रयोग डिसेंबर २०१०च्या ‘सायन्स’मध्ये आला. पाचशे फेऱ्या झाल्या, पदार्थ टिकला. सूर्याच्या ऊर्जेपैकी इंधनात उतरलेला वाटा मात्र ०.७ ते ०.८ टक्के होता.

एक फेरी कशी होते ते सावकाश पाहायला हवं, कारण सगळ्या अडचणी तिच्यात आहेत. खिडकीवर ऊन पडतं आणि रिॲक्टरमधली हवा पंपाने खेचून दाब खूप खाली आणतात. सिरियम ऑक्साइडच्या विटा तापत तापत साडेचौदाशे ते पंधराशे अंशांवर जातात. शंभर सिरियमच्या अणूंमागे दोनशे ऑक्सिजन असतात, त्यातले तीन-चार सुटतात आणि पंपावाटे बाहेर जातात. मग आरसे वळवून ऊन तोडतात. विटा नऊशेच्या आसपास उतरल्या की वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आत सोडतात. आता सिरियम ऑक्साइडला आपले हरवलेले अणू परत हवे असतात. ते वाफेतून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमधून कार्बन मोनॉक्साइड मोकळा करतं. या दोन वायूंचं मिश्रण म्हणजे सिनगॅस. आत सोडायच्या वाफेचं प्रमाण बदललं की मिश्रणातलं प्रमाणही हवं तसं मिळतं. फिशर-ट्रॉप्श ही रॉकेल बनवायची पद्धत १९२०च्या दशकातली, जुनी आणि कारखान्यांत मुरलेली. तिला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड साधारण दोनास एक लागतात. ऑक्सिजन सोडलेला सिरिया, म्हणजे सिरियम ऑक्साइड, गडद निळा-काळा होतो आणि ऑक्सिजन परत मिळाला की पुन्हा फिकट पिवळा. ऑक्सिजन एका पायरीत निघतो, इंधनवायू दुसऱ्या पायरीत, म्हणून दोघांची गाठ पडत नाही आणि स्फोटाची भीती राहत नाही.

रसायनशास्त्र एवढंच. यापुढची पंधरा वर्षं गेली ती त्या विटेच्या छिद्रांवर.

सिरियाचा भरीव ठोकळा घेतला तर ऊन त्याच्या कातडीवरच अडतं. सिरॅमिक उष्णता हळू वाहून नेतं, म्हणून वरचा थर लाल आणि पोट थंड. ताण येऊन ठोकळा तडकतो. उलट अगदी बारीक तंतूंचा नमदा घेतला तर वायूला भिडणारा पृष्ठभाग भरपूर मिळतो, पण प्रकाश पहिल्या काही मिलिमीटरांतच गुंतून पडतो आणि त्या जागेत सिरियाही फार थोडा मावतो. प्रकाशाला आत शिरायला मोठी भोकं लागतात. वायूला रासायनिक काम करायला बारीक भोकं लागतात. एकाच वस्तूकडून दोन्ही कशी मिळवायची? स्टाइनफेल्ड यांच्या गटाने, विशेषतः फिलिप फुर्लर यांनी, यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

गादीत असतो तसल्या, पण उघड्या भोकांच्या पॉलियुरेथेन स्पंजचा तुकडा घ्यायचा. सिरियाची भुकटी, पाणी आणि बांधून ठेवणारा चिकट पदार्थ यांचा दाट घोळ करायचा. स्पंज त्यात बुडवायचा, दाबून जादा घोळ काढायचा, वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो, त्याच्या काड्यांवर बसलेला सिरिया सोळाशे अंशांवर भाजला जाऊन पक्का होतो. आंबोळीला पडते तशी आरपार जाळी तयार होते, अडीच-तीन मिलिमीटरच्या पोकळ्यांची. एखादी काडी मोडून भिंगाखाली धरली तर तिच्या पोटात तीन कोनी पोकळी दिसते. तिथे पूर्वी स्पंजची काडी होती. ही झाली मोठी भोकं. आता घोळातच कार्बनचे बारीक तंतू मिसळायचे, काही मायक्रोमीटर जाडीचे. भट्टीत तेही जळतात आणि प्रत्येक काडीच्या भिंतीत दहा मायक्रोमीटरच्या आसपासची सूक्ष्म छिद्रं सोडून जातात. मोठ्या पोकळ्यांतून ऊन खोल उतरतं, काड्यांमधल्या सूक्ष्म छिद्रांतून वायू सिरियाला भिडतो. २०१४ मध्ये ही दुहेरी छिद्रांची जाळी आली आणि इंधनवायू सुटण्याचा वेग कित्येक पटींनी वाढला.

स्पंज बुडवून जाळी करायची ही रीत नवी नाही. तिचं पेटंट १९६०च्या दशकातलं आहे आणि ओतकामात ती रोज वापरात आहे. वितळलेला धातू साच्यात ओतताना मळी अडवायला असेच सिरॅमिकचे फिल्टर बसवतात. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत असा फिल्टर मी हातात घेऊन पाहिला आहे. सिलिकॉन कार्बाइडचा, करडा-काळा, तळहाताएवढा आणि नवल वाटावं इतका हलका. खिडकीकडे धरला की पलीकडचा उजेड दिसतो, पण सरळ आरपार जाणारी वाट एकही सापडत नाही. प्रत्येक किरण कुठेतरी काडीवर आपटून, वळून येतो. रिॲक्टरला नेमकं हेच हवं असतं. ऊन आत जावं, पण जाता जाता सगळं जिरावं.

मराठी वाचकाशी या पदार्थाचं आणखी जुनं नातं आहे. वरातीत, तमाशाच्या फडात, गणपतीच्या मिरवणुकीत ज्या गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन माणसं चालत, त्या बत्तीचं मेंटल हे सच्छिद्र सिरॅमिकच होतं. व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये त्याचं मिश्रण पक्कं केलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. सुताची पिशवी या क्षारांच्या द्रावात भिजवलेली असायची. नवं मेंटल बांधलं की आधी ते जाळायचं. सूत जळून जाई आणि मागे ऑक्साइडची पांढरी, बोट लागताच चुरा होणारी जाळी उरे. मग पंप मारला की ती झळाळे, आणि झळाळीचं बरंचसं श्रेय त्या एक टक्का सिरियाचं असे. साचा जाळून सिरॅमिकचा सांगाडा मागे ठेवायची युक्ती तीच. फरक इतकाच की मेंटल उष्णता घेऊन प्रकाश बाहेर टाकत होतं, आणि झुरिकची वीट प्रकाश आत घेते. त्या मेंटलांसाठी लागणारं थोरियम आणि सिरियम मोनाझाइट वाळूतून यायचं. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत ते सापडलं आणि पुढे या किनाऱ्याची वाळू जगभर गेली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स (आताची आयआरईएल) ही सरकारी कंपनी उभी राहिली ती याच वाळूसाठी. तिचं मुख्यालय आजही मुंबईत प्रभादेवीला आहे. सिरियम दुर्मीळ मृदा धातूंमध्ये गणला जातो, तरी पृथ्वीच्या कवचात तो जवळपास तांब्याइतका विपुल आहे. प्लॅटिनमसारखी त्याची चणचण पडणार नाही.

आकडे कसे चढत गेले ते पाहू. २०१४ मध्ये सोलर-जेट नावाच्या प्रकल्पात फेसासारख्या जाळीदार विटेवर २९१ फेऱ्या चालवून सुमारे ७०० लिटर सिनगॅस साठवला गेला. तो दाबून ॲमस्टरडॅमला शेलच्या प्रयोगशाळेत नेला आणि तिथे त्याचं विमानाचं रॉकेल झालं. सूर्याची नक्कल करणाऱ्या दिव्यांच्या उष्णतेवर का होईना, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून अशा रीतीने बनलेलं ते पहिलं रॉकेल. २०१७ मध्ये झुरिकच्या प्रयोगशाळेत, सूर्याची नक्कल करणाऱ्या झेनॉन दिव्यांखाली, चार किलोवॅटच्या रिॲक्टरने कार्बन डायऑक्साइड फोडताना ५.२५ टक्के कार्यक्षमता गाठली आणि पाचशे फेऱ्या पूर्ण केल्या. मोस्तोलेसच्या खऱ्या उन्हात, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही एकत्र फोडताना, नऊ दिवसांत ६२ फेऱ्यांतून ५,१९१ लिटर सिनगॅस निघाला. कार्यक्षमता ४.१ टक्के. हे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जूल’ या नियतकालिकात आले. ही टक्केवारी रिॲक्टरच्या तोंडात शिरलेल्या उन्हावर काढलेली आहे, हे लक्षात ठेवायला हवं. आरशांवर सांडलेलं आणि पुढे रॉकेल करताना वाया गेलेलं तिच्यात धरलेलं नाही. तरीही सात वर्षांत पाऊण टक्क्यावरून सव्वापाचावर जाणं ही मोठी मजल आहे.

झुरिकमध्ये ईटीएचच्या एका इमारतीच्या छतावर याच गटाने आणखी पुढचं धाडस केलं. तिथे कार्बन डायऑक्साइडची टाकीही नव्हती. हवेत दहा हजार रेणूंमागे जेमतेम चार असलेला कार्बन डायऑक्साइड आणि सोबतचं बाष्प क्लाइमवर्क्स कंपनीच्या यंत्राने हवेतूनच पकडलं, तबकडीच्या आकाराच्या आरशाने ऊन एकवटलं आणि दोन रिॲक्टर आलटून पालटून चालवले. एक ऑक्सिजन सोडत असताना दुसरा इंधनवायू देतो. झुरिक हे काही उन्हाचं गाव नाही. तरी सात तासांच्या एका दिवसात ३२ मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल निघालं. हा लेख २०२१ च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये आला तेव्हा त्यात एक हिशोब होता: २०१९ मध्ये जगाच्या विमानांनी ४१४ अब्ज लिटर रॉकेल जाळलं, ते सगळं अशा रीतीने करायचं तर सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर जमीन लागेल, सहाराच्या अर्ध्या टक्क्याएवढी. आपल्या मापात सांगायचं तर महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालं तर लिटरमागे १.२० ते २ युरो खर्च येईल, असा अंदाजही त्यांनी मांडला. पण त्यासाठी रिॲक्टर आजच्यापेक्षा बराच कार्यक्षम व्हावा लागेल.

तो का होत नाही? हा हिशोब कागदावर कुणालाही करता येईल. १७२ ग्रॅम सिरिया घ्या. तो नऊशे अंशांवरून पंधराशेवर न्यायला साधारण ४८ किलोज्यूल लागतात. त्यातून जेवढा ऑक्सिजन सुटतो त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये १० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे इंधनात जितकी ऊर्जा उतरते त्याच्या जवळपास पाचपट नुसती वीट तापवण्यात जाते, आणि पुढच्या पायरीसाठी वीट थंड केली की ती निघून जाते. शंभरातले नव्वदहून जास्त सिरियमचे अणू प्रत्येक फेरीत तापतात आणि निवतात, पण कामाला येत नाहीत. भिंतीतून झिरपणारी, खिडकीतून परत फेकली जाणारी उष्णता वेगळी. या मार्गाचा खरा शत्रू ही वाया जाणारी धग आहे. उन्हाची कमतरता तिच्यापुढे दुय्यम.

यावर दोन बाजूंनी काम चालू आहे. एक बाजू छिद्रांचीच. फेसाची जाळी सगळीकडे सारखी असते, म्हणून ऊन आत शिरताना प्रत्येक थर ठरावीक हिस्सा खाऊन टाकतो. समोरचा थर सर्वांत तापतो आणि मागच्याला उरतंच थोडं. मागच्या विटा पुरेशा तापत नाहीत, म्हणजे त्या ओझं होऊन बसतात. ईटीएचमधल्याच आंद्रे स्टुडार्ट यांच्या साहित्यविज्ञान गटाने सिरियाची शाई करून त्रिमितीय छपाईने विटा घडवल्या. उन्हाकडच्या बाजूला रुंद वाहिन्या, मागे जात जात अरुंद. ऊन खोलवर पोचतं, वीट समोर-मागे जवळपास सारखी तापते, आणि तेवढ्याच ऊर्जेत आधीच्या एकसारख्या जाळीच्या दुप्पट इंधन मिळतं. विटेचा पदार्थ तोच. केवळ पोकळीची मांडणी बदलली.

दुसरी बाजू ती धग अडवून ठेवण्याची: वीट निवताना तिची उष्णता दुसऱ्या सिरॅमिकच्या साठ्यात घ्यायची आणि पुढच्या फेरीला परत द्यायची. सन-टू-लिक्विडचा दुसरा टप्पा सुरू आहे, त्याचं उद्दिष्ट १५ टक्क्यांचं आहे आणि भर याच गोष्टीवर आहे. सिरियाऐवजी पेरोव्हस्काइट जातीची ऑक्साइडं वापरायचे प्रयत्नही बरेच झाले. ती कमी तापमानाला जास्त ऑक्सिजन सोडतात, पण परत घ्यायला नाखूश असतात, त्यांना खूप जास्त वाफ पाजावी लागते. अजून तरी तुलनेसाठी सगळे सिरियाकडेच बोट दाखवतात.

जर्मनीत यूलिश इथे सिनहेलियन कंपनीचा ‘डॉन’ हा प्रकल्प जून २०२४ मध्ये सुरू झाला. कंपनी स्टाइनफेल्ड यांच्या प्रयोगशाळेतूनच निघालेली, फुर्लर तिचे एक संस्थापक. बातम्यांत हा प्रकल्प बऱ्याचदा झुरिकच्या छताशी एकरूप करून टाकतात, ते बरोबर नाही. यूलिशला २० मीटरच्या मनोऱ्यावर उन्हाची उष्णता घेतात, सिरॅमिकमध्ये साठवून रात्रीही वापरतात, पण कच्चा माल म्हणून जैविक मिथेन लागतो. सिरियाचं दोन पायऱ्यांचं चक्र तिथे नाही. त्यांनी बाजारात आधी पोचणारी वाट निवडली, आणि ती निवड मला शहाणपणाची वाटते. सौरपॅनेलच्या विजेने पाणी फोडून इंधन करायची वाटही आज किमतीत पुढे आहे, कारण पॅनेल कमालीची स्वस्त झाली. पण तिथे ऊन ते वीज, वीज ते हायड्रोजन, मग कार्बनशी जोडणी अशा प्रत्येक पायरीला गळती आहे. सिरियाची वाट उन्हाचा सगळा वर्णपट उष्णता म्हणून घेते आणि सिनगॅस थेट देते. उष्णता परत मिळवता आली तर कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते, असं उष्मागतिकीचं गणित सांगतं. एवढी जागा शिल्लक असलेल्या वाटेवर पैसे आणि वर्षं घालायला हवीत.

आपल्याकडे यातलं काय आहे? तीव्र ऊन एकवटायचा अनुभव आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक शिरीष केदारे यांनी विकसित केलेली ‘अरुण’ ही प्रचंड तबकडी २००६ मध्ये लातूरच्या महानंद डेअरीत दुधाच्या पाश्चरीकरणासाठी बसली. शिर्डीच्या प्रसादालयावरच्या तबकड्या उन्हावर वाफ करून हजारो माणसांचं जेवण शिजवतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, पूर्वीच्या यूडीसीटीत, ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर तांबं-क्लोरिनच्या चक्राने पाण्यातून हायड्रोजन काढायचं काम झालं. त्याला साडेपाचशे अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. सिरियम आपल्या किनाऱ्यावर आहे, जाळीदार सिरॅमिक ओतकामाच्या धंद्यात आहे. अडचणही आहे. आरशाला थेट किरण लागतात. धुकट, ढगाळ उजेड एकवटता येत नाही. कोकणात हे जमणार नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने राज्यात बहुतेक ठिकाणी जमणार नाही. राजस्थान आणि कच्छ यासाठी जास्त योग्य.

पण सोलापूर-मराठवाड्याकडे एक गोष्ट आहे जी वाळवंटात नाही. या कामातला एक महागडा आणि कटकटीचा भाग असतो तो हवेतून कार्बन डायऑक्साइड गोळा करण्याचा. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळी आंबते तेव्हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो इथेनॉलमागे जवळपास तितकाच. काही ठिकाणी तो पकडून शीतपेयांना विकतात. बराचसा हवेत जातो. आणि गळीत हंगाम असतो तो दिवाळीच्या सुमाराला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे नेमका निरभ्र आकाशाचा काळ. एखाद्या आसवनीच्या शेजारी माळरानावर मोस्तोलेसएवढाच, पन्नास किलोवॅटचा मनोरा उभारून पाहावा. विटा कोल्हापुरात कराव्यात, सिरिया इंडियन रेअर अर्थ्सकडून घ्यावा, माटुंग्याची संस्था आणि आयआयटी यांनी रिॲक्टर चालवावा, आणि पहिल्या हंगामात किती टक्के मिळाले ते छापावं.